तत्त्वाला धरून निर्णय घ्यायचा म्हणजे नेमके काय करायचे?

साक्षेप (धागाकर्ता)

खोटे बोलू नये, दुसऱ्याच्या जिवाशी खेळू नये, विश्वासाने सोपवलेल्या कामाचा गैरफायदा घेऊ नये, याबद्दल चारचौघांत मतभेद सापडणे कठीण आहे. तरीही ज्यांना ही तत्त्वे मनापासून मान्य असतात अशाच माणसांच्या हातून गंभीर चुकीचे निर्णय होतात आणि मागाहून विचारले तर आपण तत्त्व मोडले असे त्यांना वाटतही नसते. हे कसे घडते, यावर येथे सविस्तर चर्चा व्हावी अशी इच्छा आहे. माझे मत असे आहे की तत्त्व बहुतेक वेळा निर्णयाच्या क्षणी मोडले जात नाही. त्याच्या आधी, प्रश्न ज्या शब्दांत मांडला जातो तेथेच त्याचा निकाल लागलेला असतो.

चॅलेंजर अंतराळयानाचे उदाहरण अनेकांना ठाऊक असेल, पण त्यातील आदल्या रात्रीची चर्चा बारकाईने पाहण्यासारखी आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अग्निबाणाच्या सांध्यांतील रबरी कडी थंडीमुळे आपले काम नीट करू शकली नाही, हे त्यामागचे तांत्रिक कारण होते. हे अग्निबाण बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीचे अभियंते २७ तारखेच्या रात्री दूरध्वनीवरील बैठकीत नेमके हेच सांगत होते. सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली उड्डाण करू नये अशी त्यांची शिफारस होती आणि प्रत्यक्षात उड्डाणाच्या वेळी तापमान सुमारे २ अंश होते. रॉजर बॉइस्जोली या अभियंत्याने तर आधीच्या जुलैतच वरिष्ठांना लेखी इशारा दिला होता.

नासाच्या अधिकाऱ्यांनी या शिफारशीवर आक्षेप घेतल्यानंतर कंपनीच्या व्यवस्थापकांनी आपसांत बोलण्यासाठी वेळ मागून घेतला. त्या चर्चेत अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाला, अभियंत्याची भूमिका बाजूला ठेवून व्यवस्थापकाच्या भूमिकेतून विचार करण्यास सांगण्यात आले आणि शिफारस फिरवली गेली. या गृहस्थाने पुढे चौकशी आयोगासमोर दिलेली साक्ष मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एरवी यान सुरक्षित आहे हे सिद्ध करावे लागत असे. त्या रात्री ते असुरक्षित आहे हे आम्हाला सिद्ध करावे लागत होते, असा तिचा आशय होता. पुराव्याचे ओझे एका बाजूवरून उचलून दुसऱ्या बाजूवर ठेवले गेले आणि तेथेच सारे संपले. ‘माणसांचा जीव धोक्यात घालायचा का?’ हा प्रश्न त्या खोलीत कोणी विचारलाच नाही. तो विचारला गेला असता तर सर्वांनी एकमुखाने नाही म्हटले असते, याबद्दल मला शंका नाही.

म्हणून ‘ठाम राहा’, ‘अंतर्मनाचे ऐका’ असा उपदेश मला अपुरा वाटतो. प्रश्नच चुकीचा मांडलेला असेल तर अंतर्मनाला जागे होण्याचे कारणच उरत नाही. तत्त्वनिष्ठ माणसाने निर्णयाच्या आधी स्वतःला कोणत्या सवयी लावून घ्याव्यात, याविषयी सदस्यांनी आपापल्या क्षेत्रातील अनुभव आणि विचार मांडावेत, ही विनंती.

जुनीवही

साक्षेप, धागा अतिशय आवडला. माझी सारी नोकरी उत्पादनांच्या गुणवत्ता तपासणीत गेली. तुम्ही म्हणता ते आमच्या कामात रोजच्या रोज घडत असते, पण इतक्या साध्या रूपात की त्यात नीतीचा काही संबंध आहे असे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

समजा, एका बॅचमधून तीन नमुने काढले आणि ओलाव्याची मर्यादा ०.५ टक्के आहे. दोन नमुन्यांचे रीडिंग ०.४ आले आणि तिसऱ्याचे ०.६ आले. माल गाडीत चढवण्याची वेळ झालेली असते. अशा वेळी ‘रीडिंग बदला’ असे कोणीही सांगत नाही. वरिष्ठ शांतपणे विचारतात, “नमुना नीट घेतला होता ना? डबी उघडी राहिली नव्हती ना?” प्रश्न रास्तच असतो, कारण डबी खरोखर उघडी राहू शकते. मग नमुना पुन्हा घेतला जातो, ०.४५ येते, नोंदवहीत तेच लिहिले जाते आणि पहिल्या रीडिंगचा कागद टोपलीत जातो. येथे एकही वाक्य खोटे बोलले गेलेले नाही. मात्र पहिल्या दोन नमुन्यांच्या वेळी डबी उघडी राहिली होती का, हे कोणी विचारलेले नाही. शंका फक्त नको असलेल्या उत्तरावर घेतली गेली.

हा प्रकार इतका सार्वत्रिक आहे की त्यावर खटलाही चालला आहे. १९९३ साली अमेरिकेत बार लॅबोरेटरीज या औषध कंपनीविरुद्धच्या खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले की मर्यादेबाहेरचा निकाल आल्यावर कारणाचा शोध न घेता, तो मर्यादेत येईपर्यंत तपासण्या करत राहणे मान्य होणार नाही. सरासरी काढून वाईट आकडा चांगल्या आकड्यांत विरघळवून टाकण्यावरही त्या निकालात टीका आहे.

यावर मला उपयोगी पडलेला उपाय अगदी रूक्ष आहे. कोणत्या परिस्थितीत नमुना रद्द ठरवायचा, हे तपासणीच्या आधी लिहून ठेवायचे. रीडिंग पाहिल्यानंतर सुचलेले कोणतेही कारण ग्राह्य धरायचे नाही, मग ते कितीही पटण्यासारखे असो. आणि पहिले रीडिंग शाईने नोंदवहीत राहिलेच पाहिजे, फेरतपासणीचे त्याच्या खाली. असे केल्यास तपासनिसाला फार मोठे धैर्य दाखवावे लागत नाही, कारण दडपण येण्याआधीच निर्णय झालेला असतो. प्रामाणिकपणा ऐन वेळी गोळा करता येईल अशा भरवशावर मी कधी राहिलो नाही आणि माझ्या हाताखालच्या मुलांनाही राहू दिले नाही.

उंबरठा

दोन्ही लेखन वाचले. मात्र दोन्ही उदाहरणांत तत्त्व कोणते हे स्पष्ट होते आणि अडचण फक्त ते पाळण्याची होती. खरा पेच तेव्हा पडतो, जेव्हा दोन तत्त्वे समोरासमोर उभी राहतात आणि एक पाळले की दुसरे मोडते.

महाभारतातील कर्णपर्वात कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा येते. सदैव सत्यच बोलायचे, असे त्याचे व्रत होते. दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसे त्याच्या आश्रमाजवळच्या वनात लपली. पाठलाग करणाऱ्यांनी विचारताच त्याने ती कोठे आहेत ते खरे सांगून टाकले, ती माणसे मारली गेली आणि कौशिकाला नरकवास भोगावा लागला. श्रीकृष्ण ही कथा अर्जुनाला सांगतो तो प्रसंगही असाच आहे. गांडीव दुसऱ्याला दे असे जो म्हणेल त्याला मारण्याची अर्जुनाची प्रतिज्ञा आणि ते शब्द साक्षात युधिष्ठिराच्या तोंडून आलेले. प्रतिज्ञा पाळायची तर वडील भावाचा वध, मोडायची तर वचनभंग.

याच प्रश्नावर इमान्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९७ मध्ये एका निबंधात नेमके उलटे उत्तर दिले. आपल्या घरात लपलेल्या मित्राचा ठावठिकाणा मारेकऱ्याने विचारला, तरी त्याच्याशी खोटे बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे त्याचे म्हणणे. त्याचा युक्तिवाद सहज झटकून टाकण्यासारखा नाही. एकदा परिणामांच्या अंदाजावर खोटे बोलायला मुभा दिली की त्या खोट्यातून जे काही उद्भवेल त्याची जबाबदारीही आपल्यावर येते आणि अंदाज तर नेहमीच चुकू शकतो.

माझा कल श्रीकृष्णाच्या बाजूने आहे. तत्त्वे ही माणसांच्या रक्षणासाठी आहेत, माणसे तत्त्वांच्या रक्षणासाठी नाहीत. कौशिकाने आपले व्रत निष्कलंक राखले आणि त्याची किंमत इतरांनी मोजली. स्वतःच्या शुद्धतेची इतकी काळजी घेणाऱ्या माणसाला मी नीतिमान म्हणायला तयार नाही.

पाणवठा

उंबरठा, कौशिकाविषयी तुमच्याशी सहमत आहे, पण त्या कथेचा आधार घेऊन आपण जिथे पोहोचतो ती जागा मला धोक्याची वाटते. आपल्यापैकी कोणाच्याही दारात मारेकरी येत नाही. आपल्यासमोर येतात त्या लहान अडचणी आणि त्या प्रत्येक वेळी आपण स्वतःला ‘मी करुणेपोटी खोटे बोलतो आहे’ असे सांगू शकतो.

एक उदाहरण देते. १९६१ साली शिकागोतील एका रुग्णालयात डॉक्टरांची पाहणी झाली होती. कर्करोगाचे निदान रुग्णाला सहसा सांगू नये, असे त्यांच्यापैकी सुमारे ९० टक्के डॉक्टरांचे मत होते. कारण अर्थातच करुणेचे होते: रुग्ण खचेल, आशा सोडेल. १९७९ मध्ये जवळपास त्याच प्रश्नावलीने अन्यत्र पाहणी केली, तेव्हा ९७ टक्के डॉक्टर निदान सांगण्याच्या बाजूचे होते. या दोन पाहण्यांच्या मधल्या काळात उपचार सुधारले हे खरे, तरीही एक अख्खा व्यवसाय, त्यातील सहृदय माणसांसह, करुणेच्या नावाखाली रुग्णांचा स्वतःच्या आयुष्याविषयीचा अधिकार काढून घेत होता, हे त्यातून दिसतेच.

माझ्या मावशीच्या आजारपणात हा प्रश्न आमच्या घरीही उभा राहिला. तिला सांगू नये यावर घरातील मोठ्यांचे एकमत झाले होते. डॉक्टरांनी मात्र त्या एकमताला होही म्हटले नाही आणि विरोधही केला नाही. ते मावशीच्या खाटेशेजारी स्टूल ओढून बसले आणि तिलाच विचारले, “तुमच्या तपासण्यांचे निकाल आले आहेत. ते तुम्हाला सविस्तर ऐकायचे आहेत, की थोडक्यात, की मी तुमच्या मुलीशी बोलावे असे तुम्हाला वाटते?” मावशी थोडा वेळ पंख्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “मला सांगा, पण आज नको. उद्या, ही इथे असताना.” दुसऱ्या दिवशी तसेच झाले. सांगावे की सांगू नये असा वाद आम्ही घालत बसलो होतो. तिला काय हवे आहे हे विचारण्याचे आमच्यापैकी एकालाही सुचले नव्हते.

म्हणूनच कर्णपर्वातील त्याच उपदेशाचा पुढचा भाग मला महत्त्वाचा वाटतो. न बोलल्याने सुटका होत असेल तर बोलूच नये, असे श्रीकृष्ण आधी सांगतो. असत्याची परवानगी त्यानंतर येते, बोलल्यावाचून गत्यंतरच नसेल तेव्हा. अपवाद हा शेवटचा दरवाजा आहे, पहिला नव्हे. अपवाद करण्याची वेळ आलीच तर मी स्वतःला दोन गोष्टी विचारते. या अपवादाचा फायदा मला स्वतःला किती होतो? आणि ज्याच्याशी मी असे वागणार आहे त्याला पुढे सारे कळले, तर तो माझ्या बाजूने उभा राहील का? मारेकऱ्यापासून वाचलेला मित्र नक्कीच राहील. अंधारात ठेवलेला रुग्ण बहुधा राहणार नाही.

पहिलीपायरी

मी या चर्चेतील सर्वांपेक्षा लहान असेन. नोकरीला लागून फार काळ झालेला नाही. सर्व प्रतिसाद मनापासून वाचले आणि एक व्यावहारिक प्रश्न विचारण्याचे धाडस करतो.

माझे काम बांधकामाच्या पाहणी अहवालांचे आहे. मागच्या आठवड्यात एका भागाची पाहणी माझ्या सहकाऱ्याने केली, पण तो रजेवर गेल्यामुळे अहवालावर ‘पाहणी करणारा’ म्हणून मी सही करावी, असे वरिष्ठांनी सांगितले. वरिष्ठ वाईट नाहीत. मला काम त्यांनीच शिकवले. सहकारीही काटेकोर आहे, त्याची पाहणी बरोबरच असणार. ‘ही केवळ औपचारिकता आहे’ असे सर्वांचे म्हणणे आहे. माझ्या पगारावर घर चालते आणि राजीनामा तोंडावर फेकण्याइतकी ऐपत माझ्यात नाही. अशा माणसाने तत्त्वाने वागायचे म्हणजे काय करायचे?

साक्षेप

पहिलीपायरी, प्रश्न विचारलात हे फार चांगले केले, कारण ‘सही करा किंवा नोकरी सोडा’ हीसुद्धा प्रश्नाची चुकीची मांडणीच आहे. या दोन टोकांच्या मध्ये पुष्कळ जागा असते आणि शहाणपणाचे काम बहुतांशी त्याच जागेत चालते.

चॅलेंजरच्याच प्रकरणातील ॲलन मॅकडोनाल्ड यांच्याकडे पाहा. ते थायोकोलचे प्रतिनिधी म्हणून उड्डाणस्थळी हजर होते आणि उड्डाणाच्या शिफारशीवर सही करण्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्यांनी सही करण्यास नकार दिला. ते ओरडले नाहीत, निघूनही गेले नाहीत. आपली कारणे सांगून फक्त सही केली नाही. ती पुढे कंपनीच्या मुख्यालयातून दुसऱ्या अधिकाऱ्याने केली आणि फॅक्सने पाठवली. मॅकडोनाल्ड यांचा नकार यानाला वाचवू शकला नाही. चौकशीत खरे सांगितल्यावर त्यांना कंपनीत खालच्या कामावर टाकण्यात आले, हेही लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकी संसदेच्या सदस्यांनी दबाव आणल्यानंतर त्यांना पुन्हा जबाबदारी मिळाली आणि त्याच सांध्यांच्या नव्या रचनेचे काम त्यांच्याच नेतृत्वाखाली झाले.

तुमच्यापुढे तेवढा मोठा प्रसंग नाही, ही चांगली गोष्ट आहे, कारण लहान प्रसंगी नकार देणे स्वस्त पडते आणि समोरच्यालाही तो मान्य करणे सोपे जाते. सर्वांत आधी, वरिष्ठांचा खरा हेतू काय आहे ते वेगळे काढा. त्यांना अहवाल वेळेत हवा आहे; तुम्ही खोटे बोलावे ही त्यांची इच्छा बहुधा नसावी. मग तो हेतू खरे बोलूनही साधता येतो का ते पाहा. सहकाऱ्याच्या टिपणांवरून अहवाल तयार करणारा म्हणून तुम्ही सही करू शकता, पाहणी करणाऱ्याचे नाव सहकाऱ्याचे ठेवून. किंवा अर्धा दिवस मागून स्वतः पाहणी करून या. हे मार्ग वरिष्ठांसमोर ठेवा आणि त्यानंतरही नुसत्या सहीचाच आग्रह झाला, तर सूचना लेखी मागा. आपली सूचना कागदावर उतरवताना सांगणाराही तिचा पुन्हा विचार करतो, असा माझा अनुभव आहे.

तळटीप

मला घाईविषयी थोडे लिहायचे आहे, कारण आतापर्यंतच्या प्रत्येक उदाहरणात कोणाला ना कोणाला घाई होती.

मानसशास्त्रज्ञ डार्ली आणि बॅटसन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. प्रिन्स्टन येथील धर्मशास्त्राच्या ४० विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण देण्यासाठी पाठवले गेले. वाटेत एक माणूस विव्हळत, खोकत पडलेला असेल अशी व्यवस्था केलेली होती. काही विद्यार्थ्यांच्या भाषणाचा विषयच, रस्त्यात जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्याची बायबलमधील बोधकथा हा होता. ज्यांना भरपूर वेळ आहे असे सांगितले होते त्यांपैकी ६३ टक्के विद्यार्थी मदतीसाठी थांबले. उशीर झाला आहे असे ज्यांना सांगितले होते, त्यांपैकी केवळ १० टक्के थांबले. भाषणाचा विषय कोणता होता, याने म्हणावा असा फरक पडला नाही.

प्रयोग लहान आहे, त्यावरून फार मोठे सिद्धांत उभारू नयेत. तरीही मी स्वतःपुरता एक नियम केला आहे: ‘आत्ताच्या आत्ता’ असे ज्या गोष्टीविषयी सांगितले जाते आणि जिच्यात माझी सही, शब्द किंवा साक्ष गुंतलेली असते, तिला उत्तर देण्यापूर्वी मी उठून थोडे चालून येतो. आग लागलेली असेल तर गोष्ट वेगळी. पण आग लागलेली असते तेव्हा कोणी सही मागायला येत नाही.

शांतसमय

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु ती एका बाजूला झुकते आहे असे नम्रपणे नोंदवावेसे वाटते. सही करू नका, रीडिंग पुसू नका, घाई करू नका. हे सारे नकार आहेत. कोणतेही गैरकृत्य न करता माणूस आयुष्य वाया घालवू शकतो. कोणते काम पत्करावे, कोणाची जबाबदारी उचलावी, कोणते भांडण मिटवावे आणि कोणते लढावे, या प्रश्नांना नियमावली पुरत नाही.

ॲरिस्टॉटलने हा भेद नीट ओळखला होता. हेतू साधण्याची चतुराई आणि व्यवहारातील शहाणपण या दोन गोष्टी त्याने वेगळ्या ठेवल्या. चतुराई कोणत्याही हेतूची सेवा करते. शहाणपणाला हेतूही चांगला असावा लागतो. तरुण माणूस गणितात पारंगत होऊ शकतो, पण व्यवहारात शहाणा झालेला सहसा आढळत नाही, कारण हे शहाणपण एकेका प्रसंगाशी निगडित असते आणि प्रसंगांची ओळख व्हायला काळ जावा लागतो, असेही त्याने नोंदवले आहे. पहिलीपायरी यांनी याने खट्टू होऊ नये. स्वतःचा अनुभव कमी असेल तर दुसऱ्याचा मागून घेता येतो आणि ते तर त्यांनी येथे केलेलेच आहे.

करण्याच्या गोष्टी ठरवताना बेंजामिन फ्रँकलिनने १७७२ मध्ये जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञ मित्राला पत्रातून कळवलेली रीत मला अजूनही उपयोगी वाटते. कागदाचे दोन भाग करायचे, तीन-चार दिवस सुचतील तशी बाजूची आणि विरोधातील कारणे लिहीत जायचे आणि मग समान वजनाची कारणे समोरासमोर खोडत उरलेले पाहायचे. कारणे एकाच वेळी मनात हजर नसतात, म्हणून निर्णय डळमळतो, हे त्याचे निरीक्षण अगदी खरे आहे. मात्र या पद्धतीला एक मर्यादा घालून घ्यावी लागते. दुसऱ्याची फसवणूक किंवा दुसऱ्याचा जीव या गोष्टी त्या दोन रकान्यांत लिहायच्याच नाहीत. त्या एकदा यादीत आल्या की त्यांच्यासमोर पुरेशी लहान-मोठी कारणे रचून त्यांना खोडता येते आणि माणसाची बुद्धी अशी कारणे हवी तितकी पुरवते.

जुनीवही

शांतसमय, शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे. त्याला जोडून निकालांविषयी लिहितो.

निर्णय चांगला होता की वाईट, हे आपण परिणामावरून ठरवतो. बॅरन आणि हर्शी या संशोधकांनी १९८८ मध्ये दाखवून दिले की एकाच माहितीवर घेतलेला एकच निर्णय, शेवट चांगला झाला तर लोकांना शहाणपणाचा वाटतो आणि वाईट झाला तर मूर्खपणाचा. यातील धोका मोठा आहे. चुकीचा निर्णय नशिबाने निभावून गेला की तो ‘अनुभव’ म्हणून जमा होतो. चॅलेंजरच्या आधीच्या उड्डाणांतही त्या रबरी कडीची झीज आढळली होती. जानेवारी १९८५ मधील एका थंड दिवसाच्या उड्डाणात तर ती विशेष गंभीर होती आणि अभियंत्यांनी मागितलेली १२ अंशांची मर्यादा त्याच उड्डाणाच्या नोंदीवरून आली होती. पण यान सुखरूप परतले होते. प्रत्येक सुखरूप परतीने धोक्याची सूचना थोडी आणखी पुसट होत गेली. समाजशास्त्रज्ञ डायन वॉन यांनी या प्रक्रियेचा तपशीलवार अभ्यास केला आहे आणि त्यांचा निष्कर्ष असा की त्यात कोणी नियम धाब्यावर बसवणारा खलपुरुष नव्हता. विपरीत गोष्ट हळूहळू नेहमीची होत गेली.

म्हणून पहिलीपायरी, तुमचा सहकारी काटेकोर आहे आणि त्याची पाहणी बरोबरच निघेल, हे मी मान्य करतो. मला काळजी नेमकी त्याचीच वाटते. या वेळी सही केलीत आणि काहीच बिघडले नाही, तर पुढच्या वेळी विचारण्याचीही गरज कोणाला वाटणार नाही. मग एखाद्या दिवशी सहकारी दुसरा असेल, तितका काटेकोर नसलेला, आणि कागदावर नाव मात्र तुमचेच असेल. त्या इमारतीत राहणाऱ्या माणसाला ही सही कशी झाली ते कधीच कळणार नाही. त्याने फक्त ‘पाहणी केली’ या दोन शब्दांवर विश्वास ठेवलेला असेल.

पहिलीपायरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जुनीवही यांचा शेवटचा परिच्छेद वाचल्यावर मनातला गोंधळ बराच कमी झाला. उद्या सकाळी वरिष्ठांना खालील मजकूर पाठवण्याचा विचार आहे. कृपया पाहून सांगावे.

“सर, अहवाल आजच देता यावा म्हणून मी सहकाऱ्याच्या टिपणांवरून तो पूर्ण केला आहे. त्या भागाची पाहणी मी स्वतः केलेली नसल्यामुळे ‘पाहणी करणारा’ या जागी माझी सही करणे कदाचित योग्य होणार नाही असे वाटते, क्षमस्व. ‘अहवाल तयार करणारा’ म्हणून मी सही केली आहे. तेवढ्याने भागत नसेल तर दुपारपर्यंतचा वेळ द्यावा, मी स्वतः पाहणी करून येतो.”

उंबरठा

मजकूर चांगला आहे आणि त्यात आदरही आहे. पहिले वाक्य तसेच ठेवा. तुम्ही काम टाळत नाही हे वरिष्ठांना सुरुवातीलाच कळते. दुसऱ्या वाक्यातील ‘कदाचित’, ‘असे वाटते’ आणि ‘क्षमस्व’ हे तिन्ही काढून टाकावेत. पाहणी तुम्ही केलेली नाही, ही वस्तुस्थिती आहे. तिच्याबद्दल शंकाही नको आणि माफीही नको. ‘मी स्वतः पाहणी केलेली नसल्यामुळे त्या जागी सही करू शकत नाही’ एवढे पुरे.

पाणवठा

उंबरठा यांच्याशी सहमत. एकच भर घालते: शक्य असल्यास हा मजकूर पाठवण्याआधी वरिष्ठांना प्रत्यक्ष भेटून हेच बोला आणि मग ‘आपल्या बोलण्याप्रमाणे’ असे लिहून पाठवा. ज्यांनी काम शिकवले त्यांना ही गोष्ट पहिल्यांदा कागदावरून कळू नये. आणि रजेवरच्या सहकाऱ्यालाही एक फोन करा. त्याच्या पाहणीखाली दुसऱ्याचे नाव लागणार होते, हे त्याला ठाऊक आहे का ते विचारा.

पहिलीपायरी

दोन्ही सूचना घेतल्या. सहकाऱ्याशी आताच बोललो. त्याला यातले काहीच माहीत नव्हते. त्या भागातील एका तुळईची पाहणी पावसामुळे अर्धवट राहिली होती आणि ती रजेवरून आल्यावर तो पूर्ण करणार होता, तशी नोंद त्याने आपल्या वहीत केली होती. टिपणांची जी प्रत माझ्याकडे आली तिच्यात ते पान नव्हते. अहवाल मागे घेतला आहे. सकाळी वरिष्ठांकडे जाताना ते पानही बरोबर नेतो.